तीन ऋतूंचे हातमोजे

आपल्या पूर्वजांनीं डोक्यासाठीं पागोटें, पगडी, रुमाल, टोपी असे कितीतरी प्रकार केले. पायांसाठीं वहाणा, जोडे आणि खडावा केल्या. हाताला मात्र त्यांनीं उघडेंच ठेवलें. लढवय्यांचा लोखंडी दस्ताना सोडला, तर हातांत घालावयाच्या म्हणून ज्या ज्या वस्तु आपल्याकडे आहेत त्या सगळ्या अलंकारांत मोडतात. पाटल्या, बांगड्या, अंगठ्या यांनीं हाताची शोभा वाढते. रक्षण होत नाहीं. मग इंग्रजी ग्लोव्हला मराठींत काय म्हणावयाचें हा प्रश्न आला, तेव्हां आपल्या भाषेनें नवें नांव शोधण्याचे श्रम न घेतां पायांतलेच मोजे उचलून हातांत चढविले. जर्मन भाषेनें तरी काय केलें? तिच्या लेखीं हातमोजा म्हणजे 'हाताचा बूट'. शब्दच असा उसना मिळाल्यामुळें कीं काय, ही वस्तु आपल्या घरांत कधीं नीटशी रुळली नाहीं. थंडी पडली कीं कानटोपीचा शोध सुरू होतो, पावसाळ्यापूर्वीं छत्र्यांच्या काड्या तपासल्या जातात. पण हातमोजे घरांत आहेत कीं नाहींत, हें कोणालाच ठाऊक नसतें.

पुण्याच्या मुलींचा मात्र येथें अपवाद केला पाहिजे. वैशाखाच्या उन्हांत चेहऱ्याभोंवतीं ओढणी घट्ट गुंडाळून आणि कोपराच्याहि वर जाणारे पांढरे सुती हातमोजे चढवून स्कूटरवरून जाणाऱ्या मुलींचे थवे परगांवच्या पाहुण्याला प्रथम दिसतात, तेव्हां तो क्षणभर बिचकतो. हे हातमोजे कांति राखतात. त्यापलीकडे त्यांच्याकडून अपेक्षा करूं नये. सुती कापड मुठीच्या रबरावरून घसरतें, आणि रस्त्यावरच्या खडीपुढें तें किती टिकेल हें सांगण्याची गरज नाहीं. मोटारसायकलवर घालावयाचा हातमोजा ही अगदीं निराळ्या जातीची वस्तु आहे. (आमच्या लहानपणीं मोटारसायकलला फटफटी म्हणत, आणि मला अजून तोच शब्द अधिक प्रामाणिक वाटतो.)

या निराळ्या जातीशीं माझा जवळचा परिचय झाला तो मुलीमुळें. मी महाविद्यालयांत इंग्रजी साहित्य शिकवितों. माझी फटफटी घरापासून महाविद्यालयापर्यंत आणि तेथून मंडईपर्यंत एवढाच प्रवास वर्षानुवर्षें करीत आली आहे. मुलगी शस्त्रक्रियेच्या शास्त्रांत पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडली आणि वाईच्या पलीकडील एका रुग्णालयांत कामाला लागली. आठवड्याची सुटी ती पुण्यास आमच्याकडे घालविते. पुण्याहून वाई सुमारें ९० किलोमीटर. वाटेंत खंबाटकीचा घाट. हें अंतर ती एस. टी. नें कापील अशी आमची समजूत होती. पहिल्याच महिन्यांत तिनें मोटारसायकल घेतली.

"अहो, तुम्ही तरी तिला कांहीं सांगा," पत्नी म्हणाली. काय सांगणार? अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला बापाला आज्ञा करतां येत नाहीं. फार तर भेट देतां येते. शिवाय मध्यरात्रीं कोणाचें तरी पोट उघडून त्याचा जीव वांचविणाऱ्या मुलीला 'जपून जा हो' असें सांगतांना जीभ अडखळते. पण तिचे हात मला दिसत होते. तुमचे-आमचे हात म्हणजे नुसते हात. खडू धरला, भाजीची पिशवी धरली, कीं त्यांचें काम संपलें. तिच्या हातांत तिची दहा वर्षांची विद्या आहे. शिरस्त्राण तिच्यापाशीं होतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमान्वयें तें घालावेंच लागतें. हातांच्या बाबतींत आपला कायदा मुका आहे. फ्रान्समध्यें २०१६ च्या नोव्हेंबरपासून मोटारसायकलवर बसणारानें प्रमाणित हातमोजे घातलेच पाहिजेत असा नियम झाला. हें मीं पत्नीला सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "मग आणा तिला फ्रेंच हातमोजे." रागानें म्हटलेलें तें वाक्य मीं मनावर घेतलें.

मनुष्य पडूं लागला कीं प्रथम हात पुढें करतो. विचार करून नव्हे. विचाराला तेवढा वेळच नसतो. चालतां चालतां ठेंच लागली तरी हेंच, आणि ताशीं ५० किलोमीटर वेगानें जातांना चाक घसरलें तरी हेंच. त्या क्षणीं सगळ्या देहाचा भार तळहाताच्या मुळाशीं, मनगटाजवळच्या मांसल उंचवट्यावर येतो. चांगल्या हातमोज्याच्या नेमक्या त्या जागीं कठीण प्लॅस्टिकची एक गुळगुळीत चकती बसविलेली असते. ती मला प्रथम शोभेची वाटली. मुलीनें चहाच्या वेळीं तिचा अर्थ समजावून दिला. उघडा तळहात रस्त्याला चिकटतो, जागच्या जागीं अडतो, आणि मागून येणारें शरीर मनगटावर कोसळतें. मनगटांत आंगठ्याच्या बाजूला स्कॅफॉइड नांवाचें एक लहानसें हाड आहे. ग्रीक भाषेंतील होडीच्या शब्दावरून हें नांव पडलें. आपल्याकडच्या माणसाला तें काजूसारखें दिसेल. या हाडाला रक्त मिळतें तें मुख्यतः बोटांकडच्या टोंकानें शिरून उलट दिशेनें. तें मध्येंच मोडलें तर कोपराकडचा तुकडा उपाशी राहतो, महिनेच्या महिने सांधत नाहीं, आणि कित्येकदां मरूनहि जातो. हें हाड मोडल्याचा संशय आला कीं डॉक्टर आंगठ्याच्या मुळाशीं पडणारा खळगा दाबून पाहतात. त्या खळग्याला शरीरशास्त्रांत 'तपकिरीची डबी' म्हणतात, कारण पूर्वींचे लोक तेथें चिमूटभर तपकीर ठेवून नाकांत ओढीत. इतक्या गंभीर पुस्तकांत इतकें घरगुती नांव सांपडावें याची मला मौज वाटली, पण त्याच खळग्यावर बोट ठेवून मुलगी म्हणाली, "बाबा, इथं दुखलं कीं माझं ऑपरेशन बंद." तेव्हां मौज संपली.

ती चकती असली म्हणजे हात अडत नाहीं, घसरत जातो. आणि त्या वेळीं घसरणें हेंच भाग्य असतें.

युरोपांत मोटारसायकलच्या हातमोज्यांची परीक्षा घेण्याचें एक प्रमाण आहे. त्याचा क्रमांक १३५९४. २०१५ च्या आवृत्तीप्रमाणें तळव्याचा तुकडा वेगानें फिरणाऱ्या खरखरीत पट्ट्यावर आणून टेकवितात आणि तो किती वेळांत फाटतो हें मोजतात. पहिल्या श्रेणीला चार सेकंद पुरतात. दुसऱ्या श्रेणीला आठ लागतात. उत्तरपत्रिका तपासण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला चार सेकंदांत उत्तीर्ण होणारा हा विद्यार्थी प्रथम हास्यास्पद वाटतो. पण घड्याळाच्या कांट्याकडे पाहून चार सेकंद मोजावे, आणि तेवढा वेळ आपला तळहात डांबरावरून घासत चालला आहे अशी कल्पना करावी. आतल्या शिक्क्यावर श्रेणीचा आंकडा असतो, आणि मुठीवरच्या हाडांना कवच असेल तर 'केपी' ही दोन अक्षरें असतात. याच प्रमाणांत आणखी एक परीक्षा आहे, ती मला अधिक शहाणपणाची वाटते: मनगटाचा पट्टा बांधल्यावर हातमोजा ओढून निघतां कामा नये. पडतांना जो हातांतून निघून दहा हात दूर जाऊन पडतो, तो कितीहि उत्तम कातड्याचा असला तरी काय उपयोग? ही परीक्षा दुकानांत कोणालाहि करतां येते. पट्टा आवळावा आणि शेजाऱ्याला बोटांचीं टोंकें धरून ओढावयास सांगावें. मीं मुलीचे ओढले. दुकानांतले सगळे लोक आमच्याकडे पाहूं लागले.

त्या दुकानांत आम्हांला दुसरीच अडचण आली. दुकानदार मोठा सज्जन, पण "मॅडमसाठीं" म्हटल्याबरोबर त्यानें गुलाबी पट्टी असलेला एकुलता एक जोड काढला. त्याचा तळवा कापडी होता. बाकी सगळे पुरुषांच्या मापाचे. बायकांचा पंजा अरुंद आणि त्या मानानें बोटें लांब असतात, हें कारखानदारांच्या अजून फारसें ध्यानांत आलेलें दिसत नाहीं. पुरुषाचा लहान हातमोजा तिच्या तळव्यावर चुण्या पाडी आणि बोटांच्या बेचक्यांत रुते. माप घ्यावयाचें तें आंगठा वगळून पंजाच्या रुंद भागाभोंवतीं, मोजपट्टीनें. पण मापापेक्षां मूठ खरी. हातमोजा घालून पंजा सरळ पसरून पाहणें व्यर्थ आहे. फटफटीवर पंजा कधींच सरळ नसतो. हँडल धरावें, चारी बोटें क्लचवर न्यावीं, पुन्हां आणावीं. टोंकाशीं कातडें लोंबत असेल तर तें क्लच आणि मूठ यांच्यामध्यें चिमटतें. बोट टोंकाला टेकत असेल तर तासाभरांत नख दुखूं लागतें. चांगलें कातडें वापरानें थोडें सैल होतें, कापड होत नाहीं, हेंहि धरून चालावें लागतें. आम्ही चार दुकानें हिंडलों. शेवटीं बकऱ्याच्या कातड्याचा एक जोड मिळाला. हें कातडें गाईम्हशींच्या कातड्यापेक्षां पातळ आणि मऊ, तरी चिवट.

तो घरीं आला त्या दिवशीं माझ्या आईनें तो देवघराच्या भिंतीवरच्या खुंटीवरून काढावयास लावला. चामड्याची वस्तु तेथें नको. नातीनें विचारलें, "आजी, तुझ्या भजनीमंडळाच्या मृदंगाला काय कापड असतं?"

"त्याला देवाचं नांव ऐकायला मिळतं," आई म्हणाली. "हे काय ऐकणार? तुझ्या गाडीचा आवाज!"

तेव्हांपासून बाहेरच्या व्हरांड्यांत चपलांच्या फळीवर तीन खुंट्या आहेत. एका जोडासाठीं तीन कशाला, असें त्या वेळीं सुताराला वाटलें असेल. मला मात्र एव्हांना दुकानांतला एक शब्द खटकूं लागला होता. प्रत्येक दुकानदार 'बारमाही' हातमोजे दाखवीत होता: उन्हांत चालतील, पावसांत चालतील, थंडींत चालतील. ते हाताळून पाहिल्यावर त्या शब्दाचा अर्थ मला असा लागला कीं, हा हातमोजा बाराहि महिने थोडा थोडा गैरसोयीचा असतो. याचें कारण उघड आहे. फटफटी चालविणाराचे दोन्ही हात सारखे कामांत असतात. उजव्या हातानें मूठ पिळून वेग द्यावयाचा आणि त्याच हाताच्या दोन बोटांनीं पुढचा ब्रेक दाबावयाचा, डाव्यानें क्लच. ब्रेक किती दाबला म्हणजे चाक अडेल, हें डोळ्यांना दिसत नाहीं. तें बोटांनाच कळतें. हवेला अडविणारा प्रत्येक थर या कळण्यालाहि अडवितो. म्हणून ज्या ऋतूंत जेवढें अडवावें लागतें तेवढेंच अडवावें, अधिक नाहीं.

उन्हाळ्याचा प्रश्न सगळ्यांना सोपा वाटतो: उकडतें, तर घालूंच नये. पदार्थविज्ञानाच्या आमच्या एका सहकाऱ्यांनीं याला हरकत घेतली. आपल्या त्वचेचें उष्णमान ३५ अंशांच्या आसपास असतें. हवा त्याहून थंड असेल तोंवर वारा हाताला निववितो. एप्रिलच्या दुपारीं ती ४० अंशांवर गेली म्हणजे तोच वारा हात तापवूं लागतो. थंडावा उरतो तो फक्त घाम वाळण्याचा, आणि फटफटीच्या वेगांत घाम येतो न येतो तोंच वाळून जातो. म्हणून भर उन्हांत उघड्या हातापेक्षां बारीक छिद्रें पाडलेल्या कातड्याचा हातमोजा बरा. तो ऊन अडवितो, घामाला जिरावयास अवसर देतो, आणि वाराहि थोडा आंत येऊं देतो. पाठीला जाळीदार कापड असलें तरी चालेल, पण तळवा कातड्याचाच हवा. रंग काळा नसावा, एवढी पुस्ती मी माझ्यातर्फें जोडतों. दुकानांत नव्वद टक्के माल काळा असतो. हल्लीं तर्जनीच्या टोंकाला एक चकचकीत ठिगळ असतें, त्यानें मोबाइल चालतो असें मोठ्या अभिमानानें सांगतात. ज्याला फोन करावयाचा त्यानें गाडी बाजूला घेऊन थांबावें आणि हातमोजा काढावा. त्या निमित्तानें हाताला वारा लागेल.

पावसाळ्याचा प्रश्न मात्र खरोखर कठीण आहे, आणि परदेशी पुस्तकें येथें फारशीं कामास येत नाहींत. त्यांचा पाऊस थंड. आपला, निदान घाटाखालीं, कोमट. पाणी न शिरणाऱ्या हातमोज्यांत बाहेरचें कातडें आणि आंतलें अस्तर यांच्यामध्यें एक पातळ पडदा शिवलेला असतो. १९६९ सालीं अमेरिकेंत बॉब गोर यांनीं टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यानें ताणून असा पडदा करण्याची युक्ति शोधून काढली. त्याचीं छिद्रें इतकीं सूक्ष्म कीं पाण्याचा थेंब आंत येऊं शकत नाहीं, घामाची वाफ मात्र बाहेर जाते. पण वाफ बाहेर जाते ती आंत दमटपणा अधिक आणि बाहेर कमी असला तरच. जुलै महिन्यांत ताम्हिणीखालीं कोंकणांत उतरा. तेथें बाहेरची हवाच ओल्या पंचासारखी असते. वाफेनें जावें कोठें? हात पावसानें भिजत नाहींत, घामानें भिजतात. शिवाय बाहेरचें कातडें पाणी पिऊन जड होतें, ओलें बोट ओढून काढलें कीं अस्तर उलटें होऊन त्याच्याबरोबर बाहेर येतें, आणि पुढच्या चहाच्या टपरीवर तें बोटाबोटांत पुन्हां ढकलीत बसावें लागतें. हा उद्योग मीं तिला आमच्या अंगणांत अर्धा अर्धा तास करतांना पाहिलें आहे.

म्हणून तिचा निर्णय असा झाला: घाटाखालच्या कोमट पावसांत साधाच हातमोजा घालावयाचा, भिजूं द्यावयाचा आणि दुसरा कोरडा जोड पिशवींत ठेवावयाचा. पांचगणी-महाबळेश्वरच्या बाजूला काम निघालें तर पडद्याचा, कारण तेथल्या पावसांत वारा असतो आणि ओलीं बोटें वाऱ्यांत गारठतात. पावसाळी जोडाच्या डाव्या तर्जनीवर रबराची एक बारीक पट्टी असते, ती शिरस्त्राणाच्या कांचेवरचें पाणी निपटण्यासाठीं. डाव्याच हाताला कां, तर उजव्याला सवड नसते. आणि रेनकोटची बाही हातमोज्याच्या वरून यावी. उलट केलें तर बाहीवरून उतरणारें पाणी पन्हळींतून यावें तसें सरळ आंत जातें.

रविवारीं रात्रीं ती परत निघावयाची तयारी करीत असतां एकदां मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. फटफटीच्या हातमोज्याच्या आंत तिनें शस्त्रक्रियेचे रबरी हातमोजे चढविले होते. पाण्याला इतका स्वस्त आणि पक्का पडदा दुसरा नाहीं. घाम येतो खरा, पण तासाभराचा प्रश्न असतो. मग त्या रबरी हातमोज्याची कथा तिनें सांगितली. १८८९-९० च्या हिवाळ्यांत अमेरिकेंतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत विल्यम हॉल्स्टेड हे शस्त्रवैद्य होते. त्यांच्या शस्त्रक्रियागृहांतील प्रमुख परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन हिच्या हातांना पाऱ्याच्या क्षाराच्या जंतुनाशक द्रावणानें पुरळ उठूं लागलें. हॉल्स्टेड यांनीं गुडइयर रबर कंपनीला लिहून तिच्यासाठीं पातळ रबराचे, मनगटाच्या वर येणारे दोन जोड करून घेतले. रोग्याला जंतूंपासून जपणें हा विचार मागाहून आला. आरंभीं एका बाईचे हात सोलवटूं नयेत एवढाच हेतु होता. १८९० सालीं त्या दोघांनीं लग्न केलें. एरवीं शस्त्रक्रियेच्या गोष्टी निघाल्या कीं उठून जाणारी पत्नी ही गोष्ट संपेपर्यंत दारांत उभी होती.

गेल्या वर्षींच्या जुलैंत, घाटाच्या पायथ्याशीं, ट्रॅक्टरच्या चाकांनीं रस्त्यावर आणलेल्या चिखलावरून मुलगी घसरली. आम्हांला हें कळलें तें दहा दिवसांनीं, आणि तेंहि व्हरांड्यांतली खुंटी रिकामी दिसली म्हणून. वेग बेताचा होता; गुडघा सोलला, गाडीचा आरसा फुटला. उजवा हातमोजा तिनें पिशवींतून काढून दाखविला. तळव्याच्या चकतीवर खोल ओरखडे होते, तिच्या शेजारचें कातडें झिजून खालचा दुसरा थर दिसत होता, आणि करंगळीच्या कडेची शिवण दोन बोटें उसवली होती. पत्नीनें तो हातमोजा घेऊन त्या उसवलेल्या जागेंतून आपलें बोट आंत घातलें आणि बाहेर काढलें. ती कांहीं बोलली नाहीं. मुलगी मात्र सांगत होती कीं पडल्यावर तिनें पहिली गोष्ट केली ती 'तपकिरीच्या डबी'वर दाबून पाहण्याची, दुखलें नाहीं, दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिनें एका शेतकऱ्याचें हर्नियाचें ऑपरेशन केलें. असा एकदां पडलेला हातमोजा पुन्हां वापरूं नये. त्याची शिवण आतून कोठें गेली आहे हें दिसत नाहीं. तो ठेवून दुसरा घेण्यास ती लगेच कबूल झाली नाहीं. "हातांत बसला होता हो," असें ती दोनतीनदां म्हणाली.

पावसाळ्यांत या वस्तूचे आणखीहि हाल असतात. ओलें कातडें दोन दिवस पिशवींत राहिलें कीं त्यावर हिरवट-पांढरी बुरशी चढते, आणि नव्या कातड्याचा काळा रंग उतरून बोटें शाईच्या दौतींत बुडविल्यासारखीं दिसतात. शस्त्रक्रियेपूर्वीं दहा मिनिटें हात घांसूनहि तो नखांच्या कडांना राहतो. वाळवावयाचें तें सावलींत, आंत वर्तमानपत्राचे बोळे भरून. चुलीजवळ किंवा केस वाळविण्याच्या यंत्रापुढें धरलें तर कातडें आखडून लाकूड होतें. माझ्या घरांत श्रावण महिन्यांत वर्तमानपत्र वाचून होण्यापूर्वींच त्याचे बोळे होतात, ही माझी एक बारीकशी तक्रार आहे.

आतां उरली थंडी. पुण्याची थंडी ती काय, असें लडाखला जाऊन आलेलीं आमचीं तरुण मुलें म्हणतात. पण मुलगी सोमवारीं पहांटे पांचला निघते, आणि डिसेंबर-जानेवारींत त्या वेळीं उष्णमान कित्येकदां १० अंशांवर येतें. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या उघड्या त्वचेला ती हवा सुमारें ५ अंशांची लागते. हें गणित आमच्या त्याच सहकाऱ्यांचें. वारा आणि थंडी यांची अशी बेरीज प्रथम सायपल आणि पॅसेल या दोघांनीं अंटार्क्टिकावर केली; डब्यांतलें पाणी निरनिराळ्या वाऱ्यांत किती वेळानें गोठतें हें त्यांनीं मोजलें, आणि १९४५ सालीं तें प्रसिद्ध झालें. हल्लींचें सूत्र २००१ चें आहे.

थंडीच्या हातमोज्यांत कापूस भरल्यासारखा जाड थर असतो, आणि लोकांना वाटतें कीं जितका जाड तितका उबदार. तसें नाहीं. थर घट्ट बसला तर रक्त अडतें आणि आंतली हवा दबून जाते; मग हात जाड हातमोज्यांतहि गारच. पण मुलीनें मला याहून मोलाची गोष्ट सांगितली. बोटांत स्नायु नसतात. त्यांना हलविणारे स्नायु तळहातांत आणि कोपराखालीं असतात, आणि तेथून दोऱ्यांसारख्या कंडरा बोटांपर्यंत जातात. बोटें म्हणजे नुसतीं बाहुल्यांचीं अंगें. त्यांची ऊब त्यांची स्वतःची नसते, रक्तानें आणलेली असते. छाती आणि मान गारठली, कीं शरीर आपल्या काळजाची काळजी करतें आणि बोटांचें रक्त आखडून घेतें. म्हणून हात गार पडले तर आधीं छाती झांकावी. जुने फटफटीवाले कोटाच्या आंत वर्तमानपत्राची घडी घालीत, त्यांना हें कोणी शिकविलें होतें कोण जाणे.

गेल्या महिन्यांत आम्ही हिवाळी जोड घ्यावयास गेलों. दुकानदारानें सगळ्यांत जाड, सगळ्यांत महाग जोड पुढें केला; मनगटावरून अर्ध्या हातापर्यंत येणारा. थंडींत हा लांब भाग बाहीच्या वर घ्यावा म्हणजे वारा शिरत नाहीं, पावसाच्या अगदीं उलट, असें तो सांगत होता, आणि बरोबर सांगत होता. मुलीनें तो घातला, मग दुसरा घातला, मग तिसरा. नंतर किंमतीच्या चिठ्ठीचा दोरा तोडून घेऊन तिनें तो गल्ल्याच्या कडीला अडकविला आणि हातमोजा घातलेल्या डाव्या हातानें, एकट्या हातानें, त्याला गांठ मारूं लागली. जाड हातमोज्यांत दोरा सांपडेना. दुसऱ्यांत सांपडला, पण निसटला. तिसऱ्यांत, सगळ्यांत पातळ होता त्यांत, पांचव्या प्रयत्नाला गांठ बसली. दुकानदार म्हणाला, "सर, हें माझ्या दुकानांत पहिल्यांदाच पाहतोंय." तिनें तो तिसरा घेतला. मीं जाडाकडे बोट दाखविलें. "बाबा, ब्रेक कळायला हवा," ती म्हणाली, "ऊब मी दुसरीकडून आणीन."

घरीं येऊन हें मीं पत्नीला सांगितलें. छाती झांकली कीं बोटें गारठत नाहींत, हेंहि सांगितलें. तिनें ट्रंकेतून करड्या लोकरीचे गुंडे काढले आहेत. बिनबाह्यांची बंडी विणावयास घेतली आहे. पाठ पूर्ण झाली, पुढचा भाग व्हावयाचा आहे. गळा उंच ठेव, मानेला वारा लागतां कामा नये, असें मीं काल म्हणालों. "माहीत आहे," असें ती सुयांवरून नजर न काढतां म्हणाली. उद्यां रविवार आहे.